फळांचा रकाना

आषाढी एकादशी जवळ येऊ लागली की आमच्या बेळगावच्या घरात माझी आजी शेवटची भाजी कोणती करायची याचा विचार आठ दिवस आधीपासून करू लागे. आमचे घर वैष्णव. चातुर्मासाचा पहिला महिना शाकव्रताचा. त्या महिन्यात तिच्या ताटात पालेभाजी यायची नाही, फळभाजी यायची नाही, कंदमूळही यायचे नाही. मुगाचे कढण, भात आणि दही-ताक एवढ्यावर ती महिना काढी. पण व्रत धरण्याच्या आदल्या दिवशी खतखत्याचे मोठे पातेले चुलीवर चढे, आणि त्यात किती जिन्नस पडले याची मोजदाद ती बोटांच्या पेरांवर करी. सुरण, अळूचे कांदे, रताळे, लाल भोपळा, कच्चे केळे, शेवग्याची शेंग, वर तिरफळ. "भाजयेविणें ताट रितें दिसता," असे ती नेहमी म्हणे, आणि दुसऱ्या दिवसापासून तेच रिते ताट मोठ्या समाधानाने पुढे ओढी. तरुणपणी काशीयात्रेत तिने आंबा सोडला होता. वैशाखात घरात पायरीच्या पाट्या उतरल्या की आम्ही मुले तिच्यापुढे फोड धरून तिची परीक्षा पाहत असू. ती हसून मान हलवी. "म्हाका नाका. तूं खा."

या त्यागाचे मला लहानपणी फार कौतुक वाटे, आणि आजही ते कमी झालेले नाही. मात्र पुढे राजा लखमगौडा विधी महाविद्यालयात कायद्याची पुस्तके उघडली, वकिली सुरू केली, आणि हक्कसोडपत्रे लिहिता लिहिता एक साधी गोष्ट हाताखालून हजारदा गेली. हक्क सोडणाऱ्याच्या नावे तो हक्क आधी असावा लागतो. ज्याच्या नावाचा उताराच निघत नाही त्याने हक्कसोडपत्र कसले लिहून द्यायचे? ही गोष्ट आजीच्या ताटाशी जोडून पाहण्याची बुद्धी मला फार उशिरा झाली, आणि तीही एका बाईची उलटतपासणी घेताना.

गोष्ट २०२२ सालची. सीमाभागातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात पोटगीचा अर्ज होता. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखालचा, नेहमीच्यासारखा. बाई निपाणीकडची, विड्या वळणारी. पदरात दोन मुले. नवरा बेळगावातून गोव्याला भाजीचा टेम्पो नेणारा. मी नवऱ्याचा वकील. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात घालून दिलेल्या दंडकाप्रमाणे अशा प्रकरणात दोन्ही पक्षांना मिळकतीचे व खर्चाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. बाईचा वकील नवखा आणि नेटका होता. त्याने घरखर्चाचा एकच ढोबळ आकडा न देता एकेक बाब वेगळी मांडली होती. धान्य, तेल, गॅस, वीज, शाळा, औषध, भाजी ९०० रुपये, आणि त्याखाली स्वतंत्र ओळीत, फळे ६०० रुपये.

वकिलाची नजर अशा ओळीवर बरोबर जाऊन बसते. विड्या वळणारी बाई आणि महिन्याला ६०० रुपयांची फळे! मी उठलो.

"तुम्ही रोज फळे खाता?"

"रोज न्हाई, साहेब."

"आठवड्यातून किती वेळा?"

"पोरगी तापली हुती तवा केळी आणली हुती."

"म्हणजे महिन्यातून एखाद्या वेळी. मग हे ६०० रुपये कशाचे?"

बाईने आधी माझ्याकडे पाहिले, मग न्यायासनाकडे. आवाज चढवला नाही. "खातो म्हणून न्हाई लिवलं, साहेब. गावलं तर खाऊ म्हणून लिवलंय."

न्यायालयाची भाषा कन्नड, साक्षीदाराची मराठी. नोंदीत तिचे उत्तर उतरले ते एवढेच, की फळांवर दरमहा तेवढा खर्च होत नाही हे खरे आहे. तिच्या बोलण्याचा उत्तरार्ध प्रश्नाच्या कक्षेबाहेरचा म्हणून हवेत राहिला. यात भाषांतर करणाऱ्याचा काही दोष नव्हता. उत्तर मला हवे तेवढेच मी मागितले होते. युक्तिवादात मी ती ओळ दोनदा वाचून दाखवली, आणि जी बाई फळांचा खर्च फुगवून सांगते तिचे इतर आकडे कितपत खरे मानावेत, असा रीतसर प्रश्न उपस्थित केला. मागितली होती त्यापेक्षा बरीच कमी पोटगी मंजूर झाली. निकालाला कारणे अनेक होती, पण त्यांतले एक मी पुरवलेले होते.

दोन दिवसांनी पक्षकार घरी आला. हातात ढबू मिरची, कोबी, बीन्स यांनी भरलेले पोते, आणि वर चिकूची वेगळी पिशवी. "गोव्याला जाणारा माल आहे, साहेब. हितं असला गावत न्हाई," तो म्हणाला. चिकू उत्तम होते. ते आम्ही सर्वांनी खाल्ले.

त्याच्या त्या वाक्यात अतिशयोक्ती थोडी असेल, पण पहाटे बेळगावच्या भाजीबाजारात उभे राहिलेल्याला ते पटेल. कडोली, उचगाव, बेळगुंदी, कंग्राळी, सुळगा, तालुक्याच्या या पश्चिम अंगाला पाऊस मुबलक आणि माती मोकळी. बेळगुंदीच्या बाजूची रताळी आषाढी आणि नवरात्राच्या उपवासांना कुठल्या कुठे जातात. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, बीट, दोडका, गवारी, मेथीच्या पेंड्या, सगळे रात्रीतून उतरते आणि उजाडायच्या आत पुन्हा गाड्यांवर चढते. त्यांतल्या कितीतरी गाड्या चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात जातात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, सीमा बंद झाल्या, तेव्हा गोव्यातल्या आमच्या नातलगांचे दूरध्वनी येऊ लागले, ते प्रकृतीची विचारपूस करायला नव्हे तर भाजीच्या गाड्या कधी सुटतील ते विचारायला. आमच्या परिसराचा त्या दिवशी मला थोडा अभिमानही वाटला. गोव्याच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर ही भाजी सरकारी सवलतीच्या दराने विकली जाते. पणजीतला माणूस बेळगावचा कोबी त्या दराने घेतो. निपाणीत त्याच कोबीला असा कोणी वाली नाही.

भाजीच्या बाबतीत सीमाप्रश्न नाही, असे मी एकदा बार रूममध्ये थट्टेने म्हणालो होतो. तरकारी हा शब्द कन्नड आणि मराठी दोघींच्या घरी सारखाच नांदतो, आणि भाजीवाली गिऱ्हाईक पाहून एका वाक्यात दोन भाषा वापरते. आज मला वाटते, भाजीच्या बाबतीतही सीमा आहे. ती नकाशावर काढलेली नाही, एवढेच.

त्या प्रकरणानंतर वर्षभराने विडी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या एका कामासाठी मला निपाणीच्या एका गल्लीत चार-पाच वेळा जावे लागले. निपाणी म्हटले की बाहेरच्यांना तंबाखू आठवते. वयस्कर मंडळींना १९८१ सालचे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आठवते. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते, आणि त्या एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. भाव मिळावा हे त्यांचे मागणे होते. पण मी ज्या घरांत बसत होतो तिथल्या बायका पिकवणाऱ्या नव्हत्या, वळणाऱ्या होत्या. मांडीवर सूप, सुपात पान आणि जर्दा, बोटे एका लयीत चालू. मजुरी हजार विड्यांवर. मान वर न करता त्या माझ्याशी बोलत, कारण मान वर केली की हजाराला उशीर होई.

दुपारी त्यांतल्या एकीने ताट वाढून घेतले. मी दाराशी कागद चाळत होतो, त्यामुळे न पाहण्याचा प्रयत्न करूनही ते दिसले. रेशनच्या तांदळाचा भात, एक भाकरी, पातळ आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. आमटीत कांद्याचे दोन तुकडे. "भाजी?" मी सहज विचारले. "बाजारादिवशी," ती म्हणाली. बाजार आठवड्याला एकदा. तोही सकाळचा नव्हे, उतरतीचा, दिवेलागणीचा, जेव्हा विकणारा घराकडे जायच्या घाईत असतो आणि दहा रुपयांना मेथीच्या तीन पेंड्या देऊन टाकतो. त्या पेंड्या पिवळ्या पडलेल्या असतात, निम्म्या निवडून टाकाव्या लागतात. आणलेले दोन दिवसांत संपवावे लागते, कारण शीतकपाट नाही. मग उरलेले पाच दिवस चटणी.

तिच्या सासूने मध्येच सांगितले, की आमच्या वेळी एवढे नव्हते. तंबाखूच्या रानात भांगलायला गेले की परतताना पदरात घोळ, तांदुळजा, पाथरी असे काही ना काही येत असे. त्याला पैसा पडत नसे आणि मालकही हरकत घेत नसे, उलट रान साफ होई. आता तंबाखू मोडून ऊस आला आणि उसात तणनाशक मारतात. तण मेले, भांगलण गेली, आणि त्याबरोबर फुकटची भाजीही गेली. हे सांगताना म्हातारीच्या आवाजात तक्रार नव्हती. जुना रस्ता बंद झाल्याचे सांगावे तसे तिने सांगितले. मला मात्र आपल्या ऋषीपंचमीची आठवण झाली. नांगराविना उगवलेले खायचे, म्हणून त्या दिवशी आपण बाजारात जाऊन, दुप्पट दर देऊन, हौसेने रानभाज्या आणतो.

त्या घरी भाजीचा एक सण आहे हेही मला तिथेच कळले. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने परडी भरतात. तेव्हा नैवेद्याला आंबील, भाकरी यांच्याबरोबर वांग्याची भाजी, मेथी, कांद्याची पात, गाजर, सगळे लागते. देवीच्या ताटात काही कमी करून चालत नाही. पैसे उसने घ्यावे लागले तरी चालतात. त्या दिवशी पोरे पोटभर भाजी खातात. देवीला काय आवडते ते त्या बाईला पक्के ठाऊक होते, म्हणजे चांगले जेवण कोणते हेही तिला ठाऊक होते. हा मुद्दा मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

कारण आमच्याकडे या विषयाची चर्चा निघाली की ती अज्ञानावर जाऊन थांबते. गेल्या श्रावणात देवळाच्या सभामंडपात आरतीनंतर आम्ही चार-पाच जण बसलो होतो. पुढ्यात प्रसादाच्या केळ्यांचे घड. एक निवृत्त स्नेही म्हणाले, "अहो, यांना भाजीचे महत्त्वच कळत नाही. मोबाईलला पैसे असतात, पोरांना बिस्किटे घ्यायला असतात, केळ्याला नसतात." स्नेही सज्जन आहेत. दरवर्षी महाप्रसादाला ते मोठी देणगी देतात. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, पण घरी आल्यावर हिशेब मांडला, कारण वकिलाला वादापेक्षा हिशेबाने झोप लागते. पाच रुपयांचा बिस्किटपुडा नासत नाही, सोलावा लागत नाही, उद्या त्याचा भाव बदलत नाही, आणि रडणारे पोर त्याने तासभर गप्प बसते. त्याच पाच रुपयांत एक केळे येते, तेही लहान. पोटाला लागणारे उष्मांक पैशात मोजले तर तांदूळ, साखर, तेल स्वस्त पडतात, भाजी महाग पडते आणि फळ सर्वांत महाग. ज्या घरात आधी पोट भरायचे आहे तिथली बाई हा हिशेब तोंडी करते. तिला आहारशास्त्र कळत नाही असे म्हणणाऱ्याने तिची महिनाअखेर पाहिलेली नसते.

आणि हा हिशेब केवळ निपाणीच्या गल्लीचा नाही. कॅनडातल्या हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने अठरा देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गरीब देशांच्या गटात भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि झिम्बाब्वे होते. एका माणसाला दिवसाला फळांचे दोन आणि भाज्यांचे तीन वाटे द्यायचे, तर या गटात कुटुंबाच्या उत्पन्नाचा जवळजवळ ५२ टक्के भाग त्यात जातो, असे त्यांना आढळले. श्रीमंत देशांत हेच प्रमाण दोन टक्क्यांहून कमी. एका माणसाच्या भाजी-फळांत निम्मे घर संपते, मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या ताटात काय वाढायचे? साहजिकच गरीब देशांत माणूस दिवसाला सरासरी दोनच वाटे खातो आणि श्रीमंत देशांत पाचाच्या वर. आवडीनिवडीचा हा प्रश्न असता तर आकडे असे शिस्तीत उत्पन्नामागे चालत गेले नसते.

कायद्याने भाजीकडे कसे पाहिले हे शोधण्याचा नाद मला त्यानंतर लागला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण आणि औषधोपचार, अशी व्याख्या आहे. अन्न म्हणजे काय, हे तिथे सांगितलेले नाही आणि सांगायची गरजही कोणाला वाटली नसावी. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात किमान वेतनाचे निकष ठरले. ते आजही कामगारांच्या वकिलाला तोंडपाठ असतात. डॉ. एक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला उष्मांक, कुटुंबाला वर्षाचे ७२ वार कापड, घरभाडे, इंधन. हे एक्रॉइड म्हणजे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे एकेकाळचे संचालक. त्यांनी भारतीय आहाराचा जो तक्ता सुचवला होता त्यात पालेभाज्या होत्या, कंद होते, फळेही होती. परिषदेने त्यांच्याकडून उष्मांकांचा आकडा घेतला. पालेभाजी तक्त्यातच राहिली. वेतनाच्या वाटाघाटीत २७०० उष्मांक हा शब्दप्रयोग मी अनेकदा ऐकला आहे, मेथीची पेंडी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. कापड मात्र वारावर मोजले गेले.

पुढेही हेच. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या मुलांना शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. आपल्या न्यायव्यवस्थेने केलेल्या उत्तम कामांत मी त्याची गणना करतो. त्यातही मोजमाप होते ते ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दरमहा माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, आणि २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. या धान्याने लोकांना उपासमारीपासून वाचवले आहे. ज्याने टाळेबंदीतली निपाणी पाहिली तो त्याला नावे ठेवणार नाही. पण रेशनच्या पिशवीतून भाजी येत नाही. शाळेच्या ताटात ती पुढे आली, कारण नियमांत लहान मुलांना ५० ग्रॅम आणि मोठ्यांना ७५ ग्रॅम भाजी असे माप घातले गेले. शासनाच्या कागदावर गरिबाच्या ताटातली भाजी ग्रॅमने मोजलेली मला प्रथम दिसली ती इथे. कर्नाटकात जी मुले अंडे खात नाहीत त्यांना शाळेत केळे मिळते, आणि २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या साहाय्याने हे आठवड्याचे सहाही दिवस सुरू झाले. निपाणीच्या त्या गल्लीतली एक मुलगी आपले केळे शाळेत खात नाही, दप्तरातून घरी आणते. घरी धाकटा भाऊ आहे, तो अजून शाळेत जात नाही. केळ्याचे दोन तुकडे तिची आई करते, आणि मोठा तुकडा कोणाचा यावरून जे भांडण होते ते विड्यांची बोटे न थांबवता मिटवते.

याच नादात मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेली आहारमार्गदर्शिका मिळवली. रोज माणशी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे, म्हणजे अर्धा किलो, असे तिचे सांगणे आहे. वाचता वाचता मला त्या प्रतिज्ञापत्राची आठवण झाली आणि जुनी फाईल मी कपाटातून काढली. बाई आणि दोन मुले, माणसे तीन. रोजचे दीड किलो, महिन्याचे ४५ किलो. भाजी आणि फळे मिळून किलोला सरासरी ४० रुपये धरले तर १८०० रुपये होतात. मुलांचे माप थोडे कमी धरले तर पंधराशेच्या आसपास येते. प्रतिज्ञापत्रात भाजीचे ९०० आणि फळांचे ६०० होते. मी बेरीज पुन्हा केली. १५००.

म्हणजे तिने खर्च फुगवला नव्हता. देशाच्या पोषण संस्थेने पुढे दोन वर्षांनी जे माप छापले, ते तिने, किंवा तिच्या त्या नवख्या वकिलाने, अंदाजाने पण जवळजवळ अचूक लिहिले होते. फुगलेली दिसावी इतकी ती ओळ मला अपरिचित होती, कारण गरिबाच्या खर्चाच्या यादीत फळे पाहण्याची माझ्या डोळ्यांना सवय नव्हती. मी उलटतपासणीत खोटे काही बोललो नाही. नियमबाह्य काही विचारले नाही. पक्षकाराचे हित पाहणे हे माझे कर्तव्यच होते, आणि तेच प्रकरण उद्या पुन्हा आले तर एखादा दुसरा वकील तोच प्रश्न विचारील. हे सर्व मी स्वतःला सांगून पाहिले आहे. पोटगी वाढवून मागायचा मार्ग कायद्याने त्या बाईला मोकळा ठेवलेला आहे, पण तो तिला सांगायला समोरच्या पक्षाचा वकील जाऊ शकत नाही. फाईल मी परत कपाटात ठेवली, वरच्या खणात.

आपण स्वतःला शाकाहारी म्हणवतो, निदान सोमवारी आणि श्रावणात तरी. त्या शब्दाचा अर्थ आपण मांस न खाणारा असा करतो. वास्तविक शाक खाणारा तो शाकाहारी. भाकरी आणि चटणीवर वर्षे काढणारी बाई मांसही खात नाही आणि शाकही खात नाही. तिच्यासाठी आपल्या भाषेत शब्द नाही. मराठीत गरिबीच्या जेवणाला मीठ-भाकरी म्हणतात, चटणी-भाकरी म्हणतात, कांदा-भाकरी म्हणतात, आणि भाजी-भाकरी म्हटले की ते घर थोडे बरे चालले आहे असे आपण समजतो. भाषेने हा हिशेब आपल्या आधीच करून ठेवलेला आहे. आमच्या आजीने हे वाक्य ऐकले असते तर म्हणाली असती की वकिलीत तुझी जीभ फार सुटली. खरे तर आंबा सोडताना तिला काय वाटले होते, हे मी तिला कधी विचारले नाही. सोडलेल्या आंब्याची फोड तिने दरवर्षी दुसऱ्या कोणाच्या तरी हातावर ठेवलेली मी पाहिली आहे. घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाच्या हातावर, बहुधा.

गेल्या महिन्यात एक नवी पक्षकार आली. या वेळी मी बाईच्या बाजूचा. प्रतिज्ञापत्र लिहायला बसलो आणि मी कारकुनाला भाजीखाली फळांची ओळ घालायला सांगितली. बाईने हात वर केला. "फळं न्हाई खात आमी, साहेब. शपथेवर खोटं कशाला लिवायचं?" आक्षेप रास्त होता. सरकारी वकिलानेही घेतला नसता इतका रास्त. शेवटी एकाच्या जागी मी दोन रकाने आखले. एक, प्रत्यक्ष होणाऱ्या खर्चाचा. दुसरा, लागणाऱ्या खर्चाचा. पहिल्या रकान्यात फळांपुढे शून्य लिहिले. दुसऱ्यासाठी आम्ही हिशेबाला बसलो. हा नमुना न्यायालयाला कितपत मानवेल ते सुनावणीत कळेल. समोरचा वकील त्यावर काय विचारील तेही मला ठाऊक आहे, आणि त्याचे उत्तर मी कागदावर लिहून ठेवले आहे.

केळ्यांचा डझनाचा भाव तिने सांगितला, सकाळचा वेगळा आणि उतरतीचा वेगळा. कारकुनाने सकाळचा धरला. आठवड्याला किती केळी लागतील यावर थोडी घासाघीस झाली. ती सहावर अडली होती, मी बारावर. मग ती जरा थांबून म्हणाली, "पेरू बी धरा, साहेब. धाकटीला पेरू लई आवडतो." कारकुनाने केळ्यांच्या खाली पेरू लिहिला आणि किलोचा भाव विचारला.